कोंबड्यांनी पास केलेलं खाद्य

१८ डिसेंबर

ही डायरी मला पूर्वी नावाच्या मॅडमनी नोंदी ठेवायला दिली आहे. कोणाकडे कोंबड्या किती, शेळ्या किती, त्यांना खायला काय घालतात, गेल्या महिन्यात घरात कोणाला जुलाब झाले का, एवढंच लिहायचं. त्या नोंदी मी मागच्या पानापासून लिहिणार आहे. पुढची पानं माझी. एवढी जाड, गुळगुळीत कागदाची डायरी नुसत्या शेळ्या मोजण्यात घालवायला माझा जीव होत नाही.

मॅडम जनावरांच्या डॉक्टर आहेत आणि त्यापुढचं शिकताहेत. पालघरला खोली घेऊन राहिल्यात. साल्मोनेला नावाचा एक जंतू असतो म्हणे. तो कोंबड्या-शेळ्यांच्या पोटात, त्यांच्या खाद्यात आणि माणसांच्या पोटात किती ठिकाणी सापडतो ते त्यांना मोजायचंय. सफाळ्याच्या या बाजूची तीस घरं त्यांनी निवडलीत, त्यात एक आमचं. तिसांची दारं उघडून द्यायचं काम माझं, कारण मी इथली पशुसखी.

पशुसखी म्हणजे कोंबड्यांना लस टोचणारी, शेळ्यांना जंताचं औषध पाजणारी आणि डॉक्टर येईपर्यंत मालकिणीला धीर देणारी बाई. तीन वर्षांपूर्वी प्रशिक्षणाला निघाले तेव्हा गाव हसलं होतं. आता एखाद्या कोंबडीनं मान टाकली की पहाटेच दारात हाक येते, "जयवंती हाय का?" सतरा वर्षं मी साखरबाईंची सून होते. हल्ली साखरबाईंना लोक जयवंतीची सासू म्हणतात. त्यांना ते मुळीच आवडत नाही. मला फार आवडतं. देवानं माझ्याकडून बाकी काय न्यायचं ते न्यावं, एवढं नेऊ नये.

२० डिसेंबर

आज सात घरं केली. कोंबडीची शीट, शेळीच्या लेंड्या, मूठभर खाद्य, हे सगळं लोक हसत हसत देतात. माणसासाठीची डबी पुढे केली की सगळ्यांना एकदम कामं आठवतात. गोमादादा म्हणाले, "बकरीच्या दोन डब्या ने बाय, पन माजं राहू दे." बचत गटाच्या अध्यक्ष विजयाताईंनी तर मॅडमना तोंडावर विचारलं, "एवरं शिकून हेच गोला करत फिरायचं?"

मॅडम बिचाऱ्या लाल झाल्या. मग मी माझी भरलेली डबी सगळ्यांच्या देखत त्यांच्या बर्फाच्या पेटीत ठेवली आणि म्हटलं, पशुसखी देते तर तुम्हाला कसली लाज? त्यानंतर सकाळपर्यंत डब्या भरून देतो असं पाच घरांनी कबूल केलं. विजयाताईही त्यात आल्या.

आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ठणकावून सांगितलं, "सत्तर वरसं मी कोनाला दाखवलं नाय, आता हिला दाखवू?" एका घरातून एकाचीच डबी लागते आणि ती मी दिलेली होती. त्यांना कोणी मागितलीच नव्हती. तरी नकार देऊन झाला.

२२ डिसेंबर

आज मॅडमना माझं खाद्य दाखवलं. तांदळाची कणी, कोंडा, भरडलेला मका आणि सुक्या मासळीचा चुरा. अंगणात निळी ताडपत्री पसरायची, त्यावर सगळं कालवायचं आणि दोन दिवस कडक ऊन द्यायचं. गावातली एकोणीस घरं माझंच खाद्य घेतात. कोंबड्यांची पिसं कशी चमकतात ते कोणीही येऊन बघावं.

माझी खरी युक्ती वेगळीच आहे. खाद्य वाळत असताना मी माझ्या सात कोंबड्या मुद्दाम त्यावर सोडते. त्या दिवसभर ताडपत्रीवर फिरतात, उकरतात, चाखतात. त्यांनी आवडीनं खाल्लं तरच मी पोत्यात भरते. कोंबडीनं तोंड फिरवलेलं खाद्य मी आजवर एका घराला दिलेलं नाही. आमचे हे बोईसरला एका कंपनीत क्यूसीला हेल्पर आहेत, आठवडाभर सरावलीला खोलीवर राहतात आणि रविवारी घरी येतात. त्यांना मी नेहमी चिडवते, तुमच्या कंपनीत माल पास करायला पाच माणसं लागतात, माझ्याकडे सात कोंबड्या फुकटात करतात.

मॅडम बराच वेळ बघत उभ्या होत्या. "रोज इथेच वाळवता?" म्हणाल्या. रोज. "आणि कोंबड्या रोज असतात?" न चुकता, म्हटलं. त्यांनी ताडपत्रीचे तीन फोटो काढले. कॉलेजात दाखवणार असतील. मी पदर सारखा करून चौथ्यात उभी राहिले.

२४ डिसेंबर

आज चंद्रभानच्या शेडवर गेलो. हा संगमनेरकडचा माणूस. गावाबाहेर हायवेकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यानं दोन हजार पांढऱ्या कोंबड्यांची शेड टाकली आहे, माल मनोरच्या बाजारात जातो. साल्मोनेला या तालुक्यात कुठे असलाच तर तो याच शेडमध्ये, हे मी मॅडमना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. पस्तीस-चाळीस दिवसांत दोन किलोची होणारी कोंबडी, तिच्या पोटात चांगलं काय असणार?

दारातच त्यानं आम्हाला अडवलं. चुन्याच्या पाण्याचं घमेलं पुढे सरकवून म्हणाला, "ताई, पाय बुडवा आधी. हातबी धुवा." मी म्हटलं, मी पशुसखी आहे. तो म्हणतो, "म्हणूनच म्हणलं. तुमी तर धा घरं फिरून येता." म्हणजे मी काय घाण घेऊन हिंडते? मॅडमनी निमूट पाय बुडवले, म्हणून मला बुडवावे लागले. नव्या चपलेचा रंग गेला. निकाल येऊ दे, मग बघते त्याचा चुना.

२९ डिसेंबर

विजयाताईंच्या मुलीची, वैभवीची, परवा हळद झाली. चारशे माणूस जेवलं. आईंनी वाल आणि गोड दोन्हीवर हात मारला आणि कालपासून त्यांचं पोट बिघडलंय. मी रोज सकाळी त्यांना दुधात कच्चं अंडं फेटून देते, गुडघ्यांसाठी. माझ्या सगळ्यात चांगल्या तलंगीचं, तरण्या कोंबडीचं, ताजं, ऊन असतानाच. अशक्तपणा जायला आज दोन दिली.

४ जानेवारी

लिहायला उसंतच मिळाली नाही. एकतीस तारखेला आईंना सणकून ताप आला, उठून बसवेना. विजयाताईंच्या घरच्या टेम्पोतून पालघरला नेलं. दोन दिवस सलाईन लावलं. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो एवढा हलका असतो हे मला सतरा वर्षांत ठाऊक नव्हतं. मी तिथल्या बाकावर बसून रडले. हे कंपनीतून तसेच आले.

पूर्वी मॅडम दवाखान्यात भेटायला आल्या. आजी, गेल्या आठवड्यात काय काय खाल्लं, असं त्यांनी खोदून खोदून विचारलं. दुधातल्या अंड्याचं मी सांगितलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कच्चं अंडं बंद करा. आजच." आईंनी आधी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलल्या मात्र काही नाहीत, आणि आई काही बोलत नाहीत हे डॉक्टरला दाखवण्यासारखं लक्षण आहे.

काल घरी आणलं. आता तोंड पुन्हा सुरू झालंय, म्हणजे बऱ्या आहेत.

७ जानेवारी

आईंना बघायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच गोष्ट सांगतात. "हलदीचं जेवन बाधलं मना. वाल आंबलेला होता." त्यांना तोच वाल दोनदा वाढून घेताना मी पाहिलंय. मी मध्ये काही बोलायला गेले की मला पाणी आणायला पिटाळतात. विजयाताईंच्या कानावर गेल्यावर त्या चांगल्याच भडकल्या आहेत. चारशे माणसांत एकटी साखरबाईच कशी आजारी पडली, असं पाणवठ्यावर विचारत होत्या. त्यांचंही बरोबरच आहे. आई एकदा बोलल्या की मागे हटत नाहीत.

११ जानेवारी

निकाल आला.

मॅडम पालघरहून मुद्दाम आल्या. मी पोहे केले. त्या म्हणाल्या, तीसपैकी अकरा घरांत कुठे ना कुठे साल्मोनेला सापडला. नऊ घरांत कोंबड्यांमध्ये, सात घरांच्या खाद्यात, चार माणसांत, दोन घरांच्या शेळ्यांत. म्हणजे फार वाईट नाही, तो सगळीकडे थोडाथोडा असतोच, कुठून कुठे जातो ते बघायचं. मी विचारलं, आणि शेड? त्या म्हणाल्या, "दुसऱ्याचं मी सांगणार नाही. तुमचं सांगते. तुमच्या कोंबड्यांत आहे, तुमच्या खाद्यात आहे आणि तुमच्या डबीतही आहे."

मी म्हटलं, चूक झाली असेल. मला काहीसुद्धा होत नाही. जेवते, झोपते, दिवसाला पाच मैल चालते. "होत नाही म्हणूनच कळत नाही," मॅडम म्हणाल्या. मला औषधाची गरज नाही म्हणाल्या, काही आठवड्यांत आपोआप जाईल, तोवर हात साबणानं धुवायचे. मग त्यांनी फोनमधला ताडपत्रीचा फोटो उघडला, माझ्या सात कोंबड्यांचा, आणि मोठा करून दाखवला. सगळ्या खाद्यावर त्यांची शीट पडलेली होती. रोज माझ्या अंगणात हेच दिसतं आणि मी रोज तेच हातानं कालवते.

खाद्यात जंतू सापडलेली सातही घरं एकाच ठिकाणचं खाद्य वापरतात, एवढंच त्या म्हणाल्या. ठिकाणाचं नाव घेतलं नाही. पोहे दोघींनीही खाल्ले नाहीत.

"त्या घरांना खाद्य थांबवायला सांगावं लागेल. मी सांगू की तुम्ही सांगता?"

मी सांगते म्हणाले.

१३ जानेवारी

सांगितलं. एकोणीस घरी जाऊन सांगितलं की या खेपेच्या खाद्याला ओल लागली, उरलेलं खड्ड्यात पुरा, हात धुवा, अंडी शिजवूनच खा. आता काही दिवस मी खाद्य करणार नाही, मासळी चांगली मिळत नाही. सगळ्यांनी ऐकलं. म्हणजे काम झालं. ओल लागली हे खोटं होतं, पण त्यानं कोणाचं काय बिघडलं?

शेवटचं घर विजयाताईंचं. त्यांनी हळूच विचारलं, "मॅडमचा निकाल आला ना? म्हंजे आमच्या जेवनानं नाय ना झालं सासूला? त्या शेडचंच हाय ना हे सगलं?"

मी म्हटलं, "हं."

एवढंच म्हटलं. 'हो' म्हटलं नाही.

१८ जानेवारी

माझ्या 'हं'ला पाय फुटलेत. विजयाताईंनी बचत गटात सांगितलं, पशुसखीच म्हणाली शेडमधून रोग आला. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत शेड बंद करा म्हणून अर्ज द्यायचा ठरलाय. सत्तावन्न सह्या झाल्या. कागद माझ्याकडेही आला. मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. मला चष्मा नाही.

२१ जानेवारी

चंद्रभान आला होता. अंगणाबाहेरच उभा राहिला. हातात मॅडमनी दिलेला त्याच्या शेडचा कागद, कोंबड्या, खाद्य आणि तो स्वतः, तिन्ही ठिकाणी काही सापडलेलं नाही. कागद त्यानं सरपंचांना दाखवला तर चार लोक म्हणाले, कॉम्प्युटरवर कोणीही काढतं असले कागद. दुकानदारानं त्याच्या बायकोला पीठ द्यायला खळखळ केली म्हणे.

"ताई, माझं हितं कोण ऐकनार? तुमचा शबूद गाव मानतंय. सभेत तुमी एकदा हा कागद खरा हाय म्हना. बास."

त्याला कोणी सांगितलेलंच नाही की सुरुवात माझ्यापासून झाली. मी बघते म्हणाले. तो हात जोडून गेला. मला इतकी लाज वाटली की कोंबड्यांकडेही बघवेना.

२३ जानेवारी

यांना फोनवर सगळं सांगितलं. हे म्हणाले, "आमच्याकडे बॅच फेल झाली की ती परत बोलावतात आणि वर कारण लिहितात." मी म्हटलं, तुमच्या कंपनीला सासर नाही. माझं याच गावात आहे. हे हसले, मग म्हणाले, मी येऊ का सुट्टी टाकून? नको म्हटलं. यांच्यासमोर तर मला अजिबात बोलता येणार नाही.

सारखा विचार येतो की मी कागद खरा आहे एवढंच सांगितलं तर? शेड वाचेल आणि माझंही नाव राहील. पण मग विजयाताई विचारणारच, शेड नाही तर कोण? पुन्हा हळदीचा वाल पुढे येईल. काहीही केलं तरी कोणाच्या तरी गळ्यात जातंच. ज्याचं आहे त्याचा गळा सोडून.

२५ जानेवारी

दुपारी आईंचे गुडघे चोळत होते. म्हटलं, उद्या सभेला मी येत नाही, डोकं दुखतंय. आई म्हणाल्या, "डोकं दुखत नाय तुजं."

मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माज्या पोटात गेलं ते तुज्या हातचं गेलं, मना दवाखान्यातच कललं. मी कोनाला बोलले? विजयाच्या वालावर घातलं. पोरीच्या हलदीला नाव ठेवलं मी, ते पाप माजं. ओल लागली म्हनालीस ते तुजं. आता त्या परक्या मानसाला गावातून घालवून तिसरं पाप नको. तू सांग."

म्हणजे इतके दिवस त्या माझ्यासाठी खोटं बोलत होत्या आणि मी मनातल्या मनात त्यांनाच हट्टी म्हणत होते. मी त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून रडले. आई ओरडल्या, "अगं दुखतंय ते, उठ."

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर शाळेतच सभा. विजयाताईंनी अर्ज वाचला. चंद्रभान शेवटी दाराशी उभा होता, कागद हातात. मी उठले. काय बोलायचं ते तीनदा घोकलं होतं, सगळं विसरले.

म्हटलं, त्याचा कागद खरा आहे. रोग शेडमधला नाही. माझ्या कोंबड्यांत सापडला, माझ्या खाद्यात सापडला, माझ्या पोटात सापडला. मी खाद्यावर कोंबड्या सोडत होते, त्यातून तुमच्याकडे गेला. ओल लागली म्हणाले ते खोटं होतं. आई माझ्या हातच्या कच्च्या अंड्यानं आजारी पडल्या, विजयाताईंच्या जेवणानं नाही. आणि विजयाताईंनी विचारलं तेव्हा मी हं म्हणाले, नाही म्हणायला हवं होतं.

मग गोमादादांनी विचारलं, "मंग माज्या पोटात बी हाय काय ते?" मागून कोणीतरी हसलं. मी म्हटलं, ते मॅडम सांगतील, मी नाही सांगू शकत. कोणीतरी म्हणालं, एवढे दिवस आमच्या पोरांना हेच खाऊ घातलं की. विजयाताईंनी अर्जाची घडी घातली, पिशवीत टाकली आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. चंद्रभानही कागद खिशात घालून चालता झाला. त्यानं कशाला थांबावं?

घरी येताना माझ्याबरोबर फक्त आई होत्या. दर वीस पावलांवर थांबत होत्या. एरवी मी घाई करते.

३ फेब्रुवारी

आठ दिवसांत दारात एकही हाक नाही. काल वरच्या आळीतल्या एका घरी शेळी अडली होती, त्यांनी सफाळ्याहून डॉक्टर आणला. माझ्या दारावरून गेला. मी ओट्यावर बसून पाहिला.

ताडपत्री धुऊन गच्चीवर टाकली आहे. कोंबड्यांना बांबूचं कुंपण केलंय, त्या दिवसभर माझ्या नावानं ओरडतात. मॅडमना दुसरी डबी दिली. या वेळी कोणाला दाखवून नाही.

५ फेब्रुवारी

आज मानमोडीच्या, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या लसीचा दिवस. दर तीन महिन्यांनी मी दारोदार जाते. जावं की नाही, अर्धा तास लसीचा थर्मास हातात धरून उभी होते. आई आतून म्हणाल्या, "बर्फ वितळंल."

पहिलं दार बंद. आत माणसं होती, टीव्ही चालू होता. दुसऱ्या घरातून सांगितलं, आमचं आम्ही बघू. तिसऱ्या घरी गोमादादांनी कोंबड्या आणून दिल्या, पण गप्पा मारल्या नाहीत. गोमादादा आणि गप्पा नाहीत. सहावी, सातवी, आठवी दारं तशीच. अकराव्या घरापर्यंत चार घरांनी लस घेतली. लस पातळ केल्यावर फार वेळ ठेवता येत नाही. उरलेली वाया जाणार म्हणून वाईट वाटत होतं, की माझंच वाईट वाटत होतं, ते नीटसं सांगता येत नाही.

विजयाताईंचं घर मी टाळणार होते. त्यांच्या फाटकावरून पुढेही गेले होते.

"जयवंती."

मी थांबले. त्या ओट्यावर उभ्या होत्या, एक तलंगी काखेत, दुसरी पायांशी टोपलीखाली. तोंडावर हसू नव्हतं. म्हणाल्या, "खाद्य नको हां तुजं."

मी मान हलवली.

"तू ये."

मी आत गेले. त्यांच्या चौदा कोंबड्यांना लस दिली.